गोरजाच्या आधीची बजावणी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती रोज चढलो, रोज उतरलो आणि तिच्याच जोरावर चार पोरांची शिक्षणं केली. तेव्हा मी शहाणा की कसा, ते वाचकांनी ठरवावं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी तुमच्या नोकरीबद्दल लिहा असं कळवलं, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, आता सणासुदीला तरी लोकांच्या घरी जाऊ नका. त्यांचं चुकलं नाही. दिवाणी कोर्टाचा बेलीफ दारात दिसला की घरातली हसती तोंडं मिटायची. मी तो बेलीफ. आधी जळगावला होतो, मग घर धुळ्याला म्हणून बदली मागून धुळ्याला आलो. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होते. त्या दोन्हींतली धूळ मी खाल्लेली आहे.

लोकांची समजूत अशी की बेलीफ म्हणजे जप्तीवाला, हंडे-कळशा उचलून नेणारा. जप्ती असायची, नाही असं नाही. पण रोजचं काम कागद पोचवण्याचं. समन्स, नोटीस, मनाई हुकूम. न्यायाधीश केवढाही मोठा असो, त्याने सही केलेला हुकूम ज्याच्यासाठी आहे त्याला पोचेपर्यंत तो नुसता कागदच राहतो. तो रीतसर पोचवला की त्याला बजावणी म्हणायचं. कोर्टातलं सगळं गाडं या बजावणीवर चालायचं आणि ती करणारा माणूस सायकलवरून घाम पुसत हिंडायचा. याचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे.

बजावणीला नियम होते. कागद ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. तो नसेल तर घरातल्या सज्ञान पुरुषाला द्यायचा. बायकोने नवऱ्याचा कागद घेतलेला त्या काळी चालत नसे, आणि गड्याने घेतलेला तर नाहीच नाही. कोणीच घेईना, तर पंचांसमक्ष वाचून दारावर चिकटवायचा. या सगळ्यांच्या वर वेळेचा नियम. जप्ती असो की अटक, दिवस मावळल्यापासून उगवेपर्यंत कोणाच्याही राहत्या घरात शिरायचं नाही. हे कायद्यातच लिहिलेलं आहे. साध्या नोटिशीला तसं बंधन लिहिलेलं नव्हतं, पण आम्हा बेलिफांचे वरिष्ठ म्हणजे नाझर, आणि धुळ्याच्या आमच्या नाझरसाहेबांनी सगळ्याच कागदांना तोच नियम लावून टाकला होता, आणि घराचा ओटाही ते घरातच धरत. रात्री दार वाजवतो त्याला लोक चोर समजतात, कोर्टाला कोणी चोर समजलेलं मला खपणार नाही, असं ते म्हणत. नव्या बेलिफाला पहिल्या दिवशी ते हेच सांगत आणि मग चहा पाजत.

हा नियम मला फार आवडायचा. सरकारचा माणूस हातात हुकूम घेऊन आलाय, आत दिवा लागलाय, दार नुसतं ढकललं तर उघडेल. पण तो पारावर बसून सकाळ व्हायची वाट बघतोय. मी असा कितीतरी वेळा पारावर झोपलोय. डास चावले, कुत्री अंगावर आली, पण उंबरा ओलांडला नाही.

लोकही काही कमी नव्हते. नियम त्यांनी आमच्याहून चांगला पाठ केला होता. रावेरकडे एक केळीवाले भाऊ होते. शेजाऱ्याशी पाटाच्या पाण्यावरून दावा होता आणि समन्स घ्यायचं नव्हतं. हा गृहस्थ तांबडं फुटायच्या आत घर सोडायचा आणि गावात दिवे लागल्यावर परतायचा. दिवसभर केळीच्या बागेत. आता वाढलेल्या केळीच्या बागेत माणूस शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. मी हाक मारली की एका अंगाला पानं हलायची, तिकडे गेलो की दुसऱ्या अंगाला हलायची. घरच्या बाई दारातून सांगायच्या, "घरी कोनी नाही, भाऊ," आणि वर पाण्याचा तांब्या पुढे करायच्या.

शेवटी मी बागेचा नाद सोडला आणि रेल्वे स्टेशनवर जाऊन बसलो. त्या वेळी रावेरची केळी वॅगनने उत्तरेकडे जात. माल भरायच्या दिवशी बागाईतदार स्वतः हजर नसला तर त्याच्या चांगल्या घडावर दलाल हलक्या मालाची खूण करून मोकळा. भाऊ कोर्टापासून लपतील, बायकोपासून लपतील, पण घड वॅगनमध्ये चढताना घरी बसणार नाहीत, एवढं मी ताडलं होतं. आले. डोक्याला पंचा गुंडाळून घड मोजत उभे होते. मी मागून समन्स पुढे केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर सूर्याकडे पाहिलं आणि हसून सही केली. नंतर मला एक फणी देऊ लागले. ती घेता येत नव्हती, पक्षकाराचं पाणीदेखील घ्यायचं नाही असा मी स्वतःला दंडक घातला होता. नाही तर रावेरची ती केळी सोडवत नाहीत, हे खानदेशी माणसाला सांगायला नको.

दारावर कागद चिकटवण्याचीही एक गंमत होती. खळ आम्ही घरूनच करून न्यायचो, ज्वारीच्या पिठाची. शिरपूरकडच्या एका खेड्यात मी दारावर नोटीस चिकटवली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि मागे वळून बघतो तर शेळीने नोटीस अर्धी खाल्लेली. पंच म्हणाले, आता ही शेळी कोर्टात हजर करायची का? तेव्हापासून मी खळीत कडूनिंबाचा पाला वाटून घालू लागलो. पुढे माझं बघून दुसरे बेलीफही घालू लागले. सरकारी नोकरीत माझ्या नावावर एवढा एकच शोध आहे.

पण मला लिहायचंय ते सोनगीरबद्दल.

वैशाखातली गोष्ट. कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागायच्या आधीचा दिवस. दुपारी नाझरसाहेबांनी मला आत बोलावलं. त्यांच्या टेबलासमोर एक माणूस उभा होता, अंगात गिरणीतले खाकी कपडे, पायात चप्पल नाही. भिकन त्याचं नाव. धुळ्याच्या गिरणीत कामाला. त्याची बहीण पारूबाई सोनगीरला दिलेली. तिचा नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. तिची मुलगी इंदू तेरा वर्षांची, आणि तिचं लग्न त्याच दिवशी संध्याकाळी लागायचं होतं.

मुलीच्या काकांनी, नथू आबांनी, हे लग्न जमवलं होतं. ते साटंलोटं होतं. म्हणजे असं की आबांचा मुलगा हिलाल लहानपणीच्या तापाने एका पायाने अधू झालेला, त्याला कोणी मुलगी देईना. शेजारगावच्या एका घराने द्यायची तयारी दाखवली, पण अट अशी की त्यांच्या मुलीच्या बदल्यात यांनी इंदू द्यायची, त्या मुलीच्या थोरल्या भावाला. तो इंदूच्या दुपटीने मोठा, पहिली बायको वारलेली. एकाच मांडवात दोन लग्नं. भिकनला ही बातमी आदल्या रात्री कोणी तरी दिली. लग्नाला त्याला बोलावणंच नव्हतं. ज्या मुलीच्या पाठीशी मामाने उभं राहायचं, तिच्या लग्नात मामाला बोलावणं नाही, यावरूनच तो काय ते समजला.

पोलिसांत का गेला नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला, फौजदारी झाली तर लग्न लावून देणाऱ्यांत बहिणीचंही नाव येईल. ते त्याला नको होतं. म्हणून तो वकिलाकडे गेला आणि वकिलाने मुलगी अज्ञान आहे, तिचा पालक कोर्टाने ठरवावा आणि तोवर लग्नाला मनाई करावी, असा अर्ज केला. न्यायाधीशसाहेबांनी जेवणाची सुट्टी सोडून तो ऐकला. हुकूम झाला. कागद दोन होते. सामनेवाला नंबर एक नथू आबा, नंबर दोन मुलीची आई पारूबाई.

आता यात पेच काय तो सांगतो. अज्ञान मुलीचं लग्न लावणं कायद्याला मंजूर नव्हतं, पण एकदा लागलं की ते लागलं. दंड होईल, शिक्षा होईल, पण लग्न मोडत नसे. मनाई हुकूम सप्तपदीच्या आधी पोचला तर मुलगी वाचली. नंतर पोचला तर तिचा नवरा तोच आणि घरही तेच. भिकनने हे वकिलाकडून ऐकलेलं होतं. तो मला म्हणाला, "लगीन लागी गयं तं मंग या कागदना काय उपेग, भाऊ?"

आणि मुहूर्त होता गोरज. दिवस बुडतो आणि गुरं धूळ उडवत गावात परततात, ती वेळ. आमच्याकडे बरीच लग्नं याच मुहूर्तावर लागतात. म्हणजे मला ज्या क्षणानंतर घरात शिरता येत नाही, नेमक्या त्याच क्षणाला लग्न लागणार होतं. नाझरसाहेब म्हणाले, तुम्हीच जा. आणि जाताना दारापर्यंत येऊन त्यांनी बजावलं, "दिवस बुडाला तर आत पाय ठेवायचा नाही. नियम मोडून केलेली बजावणी उद्या वकील फाडून टाकेल, आणि त्या मुलीला त्याचा काडीचा उपयोग होणार नाही."

एस.टी.ने निघालो. भिकन बरोबर, कारण माणसं ओळखून दाखवायला अर्जदाराकडचं कोणी तरी लागतं. गाडी आग्रा रोडने नीट चालली होती, पण अर्ध्या वाटेत इंजिनातून वाफ निघू लागली आणि ड्रायव्हर डबा घेऊन विहीर शोधायला गेला. गेला तो गेलाच. उन्हाची काहिली, झाडाचा आडोसा नाही, आणि भिकन रस्त्याच्या मधोमध उभा राहून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला हात जोडत होता. मला इतक्या वर्षांच्या नोकरीत घाई माहीत नव्हती. आज नाही तर उद्या बजावू, हा आमचा धर्म. त्या दिवशी मीही उठून भिकनशेजारी हात जोडून उभा राहिलो. शेवटी एका मालट्रकने आम्हाला मागच्या पोत्यांवर बसवून घेतलं.

सोनगीरला उतरलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. बाजारातल्या तांबटांची ठोकठोक बंद झालेली. गावावर किल्ल्याची टेकडी, आणि नथू आबांचं घर गावाच्या कडेला, टेकडीच्या पूर्व अंगाला अगदी पायथ्याशी. भिकनला मी रस्त्यावरच्या निंबाखाली थांबवलं. तो मांडवात आला असता तर आधी त्याची हाडं मोडली असती आणि मग माझा कागद फाटला असता. वाटेत पोलीस पाटलांना गाठलं. ते नवं धोतर नेसून लग्नालाच निघालेले होते. बजावणीला पंच लागतात असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला, पण ते आले. आबा त्यांचे दोस्त, तरी आले, हे मी विसरलेलो नाही.

मांडवात पोचतो तो काय, सगळीकडे सावली. सूर्य किल्ल्याआड गेलेला. अंगणभर मांडव, आंब्याची पानं, वाजंत्री गप्प बसलेले, पाहुणे ताटकळलेले. एका बाजूला हिलाल बाशिंग बांधून पाटावर बसलेला, अधू पाय धोतराखाली झाकून. दुसऱ्या बाजूला तो दुसरा नवरदेव. ओट्यावर, घराच्या दारात, नथू आबा उभे. उंच, डोक्याला लाल पागोटं, हात दाराच्या दोन्ही चौकटींना लावलेले. त्यांनी मला लांबूनच बेलीफ म्हणून ओळखलं असावं. कारण एकदा त्यांच्याकडे दुसऱ्या कुठल्या तरी प्रकरणात जप्ती आली होती आणि दिवस बुडाला म्हणून बेलीफ अंगणातून परत गेला होता. तेव्हापासून नियम त्यांच्या पदरात बांधलेला.

मी मांडवाच्या खांबाशी थांबून नाव सांगितलं, कोर्ट सांगितलं, कागद दाखवला. ते जागचे हलले नाहीत. म्हणाले, "बेलीफभाऊ, दिन बुडना. आते घरमा पाय टाकता येत नही. कायदा मले बी माहीत शे."

आबांचे पाच-सहा भाऊबंद उठून माझ्यासमोर उभे राहिले. पाहुण्यांत कुजबुज. कोणी म्हणालं, सकाळी या, जेवायला या. मी वर पाहिलं. किल्ल्याच्या कडेला आभाळ लाल झालेलं, सूर्य दिसत नाही. मी खरंच अडकलो होतो. सूर्य बुडाला नाही असं मी म्हणायचं आणि बुडाला असं आबांनी म्हणायचं, उद्या कोर्टात त्यांचे पन्नास साक्षीदार आणि माझा एक कागद. दार ढकलून आत शिरणं माझ्या स्वभावात नव्हतं आणि नाझरसाहेबांच्या हुकमातही नव्हतं. माघारी वळलो तर ती पोर गेली.

तेवढ्यात माझं लक्ष जोशीबुवांकडे गेलं. गावचे भटजी. बोहल्याशेजारी पाण्याचं घंगाळ ठेवून, त्यात तरंगणाऱ्या, वेळ मोजायच्या वाटीकडे बघत बसले होते. अंतरपाट अजून घडी घातलेला. आणि मला कळलं की ही सगळी माणसं ज्याची वाट बघतायत, त्याचीच मला भीती आहे. दिवस खरंच बुडाला असता तर मंगलाष्टकं सुरू झाली असती. नवऱ्याकडच्यांची तर मुहूर्ताबद्दल फार कडक अट होती, असं मला पाटलांनी वाटेत सांगितलं होतं. पहिलं लग्न अवेळी लागलं म्हणून पहिली सून गेली, असं त्यांनी मनात घेतलेलं. या वेळी मुहूर्ताच्या पळभर आधी नाही की नंतर नाही.

मी आबांशी वाद घातलाच नाही. भटजींना नमस्कार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "जोशीबुवा, दिवस बुडाला असं आबा म्हणतायत. मग लग्न लावायला कशाला थांबलात?"

जोशीबुवांनी आबांकडे पाहिलं. आबांनी काही खूण केली की नाही मला माहीत नाही. पण नवऱ्याचा बाप तिथेच कान टवकारून बसला होता, आणि मुहूर्ताबाबत खोटं बोलला असं झालं असतं तर त्या पंचक्रोशीत जोशीबुवांना कोणी अक्षत टाकायला बोलावलं नसतं. ते हळूच म्हणाले, "नाही, अजून बुडाला नाही. किल्ल्याआड गेलाय. ते समोरच्या शिवारावर ऊन आहे बघा. गोरज लागायला अवकाश आहे."

सगळ्यांच्या माना पूर्वेकडे वळल्या. खरंच, टेकडीच्या सावलीपलीकडे, लांबच्या नांगरटीवर ऊन पडलेलं होतं. नवऱ्याचा बापही म्हणाला, हो, अजून आहे दिवस. आपण कोणाच्या बाजूने बोललो हे त्या बिचाऱ्याला नंतर कळलं.

आबांचे हात चौकटीवरून खाली आले. हा माणूस अडवणारा होता पण लबाड नव्हता. हरला की हरलो म्हणणारा. भाऊबंदांना त्यांनी डोळ्यांनीच बाजूला केलं. मी ओट्यावर चढलो. कागद पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही. मग मी तो मोठ्याने वाचला, पुढचा हुकूम होईपर्यंत इंदू हिचं लग्न कोणी लावू नये, आणि खळीची डबी काढून दारावर चिकटवला. पाटलांनी आणि आणखी एका गृहस्थाने पंच म्हणून सह्या केल्या.

मग मांडवात जो काही गोंधळ उडाला तो सांगण्यासारखा नाही. हुकूम इंदूपुरता होता, पण तुमची नाही तर आमचीही नाही, असं म्हणून नवऱ्याकडचे उठले. त्यांची मुलगी हळद लागलेली, तशीच गाडीत बसवली. ती रडत होती की नाही ते पदरामुळे दिसलं नाही. हिलाल पाटावरून उठलाच नाही. आबा त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि तिथून मला म्हणाले, "कागद तुम्हीन आना, चांगलं करं. मना हिलालनं काय? त्याले पोर कोन देई?"

हिलालचं त्यात काय चुकलं होतं? त्याच्यापाशी जाऊन दोन शब्द बोलावे असं वाटलं, पण कुठले बोलणार? मी केलं ते बरोबर केलं, पुन्हा वेळ आली तर तेच करीन, पण एका पोराचं बाशिंग माझ्या डोळ्यांदेखत उतरलं याचं वाईट वाटायचं थांबलेलं नाही. पुढे त्याचं लग्न झालं असं उडत उडत ऐकलं. खरं असू दे.

आणि माझं काम संपलेलं नव्हतं. दुसरा कागद पारूबाईंचा होता.

त्या कुठे दिसत नव्हत्या. विधवा बाई, मुलीच्या लग्नाच्या मांडवात यायची तिला मुभा नव्हती. दिवसभर आत चुलीपाशी बसून त्यांनी दोन लग्नांचा स्वयंपाक केला होता. घरातला पुरुष म्हणून आबांनी त्यांचा कागद घेतला असता तर चाललं असतं, पण त्यांनी आपलाच घेतला नव्हता. मी दारातून आत न जाता हाक दिली की पारूबाईंचा कोर्टाचा कागद आहे, त्यांनी घ्यावा, नाही तर तोही दारावर चिकटवतो. समोरच्या नांगरटीवरचं ऊन आता एका बांधापुरतं उरलं होतं.

मी खळीच्या डबीचं झाकण उघडलं. खरं सांगतो, त्या बाहेर येतील असं मला वाटलंच नव्हतं. इतकी वर्षं दिराच्या घरात राहिलेली बाई, उद्याही तिथेच राहायचं, शंभर माणसं बाहेर बसलेली. कागद दारावर चिकटला की तिची जबाबदारी सुटली, तिला कोणी नावं ठेवणार नव्हतं. अशा बायकांना मी ओळखत होतो. मीच काय, कायदाही ओळखत होता. घरातल्या बायकांना आत जायला अवधी द्या असं त्यात लिहिलेलं आहे. त्या बाहेर येतील तेव्हा काय करा, असं कुठेच लिहिलेलं नाही.

पारूबाई दारात आल्या. हाताला पीठ, पदर कपाळापर्यंत. आबा मांडवातून म्हणाले, "वहिनी, घरमा जा." हळूच म्हणाले, रागाने नाही.

त्यांनी आबांकडे पाहिलं नाही. पण बोलल्या त्यांच्याशीच. "नथूभाऊ, इतला वरीस तुमनं ऐकं. आज मी ऐकाव नही."

मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, अंगठा कोठे लावायचा. मी उंबऱ्यावर कागद ठेवला, शाईची गादी ठेवली, भिकन निंबाखाली थांबलाय एवढं हळूच सांगितलं आणि मागे सरकलो. त्यांनी पदराला पीठ पुसलं, खाली बसल्या आणि अंगठा असा दाबला की शाई कागदाच्या मागे उतरली. कागद उचलून त्यांनी तो पोलक्यात ठेवला. नंतर त्या उठल्या, उंबरा ओलांडला आणि मांडवात उतरल्या. ज्या मांडवात त्यांनी पाऊल टाकायचं नव्हतं, त्याच्या मधोमध चालत बोहल्यापर्यंत गेल्या. तिथे इंदू मुंडावळ्या बांधून, खाली मान घालून, कधीची एकटीच बसलेली होती. तिला कोणीच काही सांगितलं नव्हतं.

टेकडीकडून गुरांच्या घंटा ऐकू येऊ लागल्या. धूळ उठली. जोशीबुवांनी सवयीने घंगाळात बघितलं आणि कोणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "लागला गोरज."

पारूबाईंनी पोरीच्या कपाळावरच्या मुंडावळ्या सोडल्या. शाईचं बोट तिच्या हळदीला लागलं. इंदूने वर बघून विचारलं, "माय, आते कोठे जावानं?"

"मामा उना शे," त्या म्हणाल्या. "चाल."